इन्सेंटिव्हचा दर ठरवण्याआधी

‘आमच्याकडे इन्सेंटिव्ह वगैरे काही नाही,’ असं सांगणाऱ्या कारखानदाराला मी आधी पगारपत्रक उघडायला सांगतो. त्यात ओव्हरटाइमचा रकाना असतो. तीच त्याची इन्सेंटिव्ह योजना. ती त्याने आखलेली नसते एवढंच.

आकडे मांडून पाहू. समजा, सीएनसी लेथवरच्या ऑपरेटरचा पगार १८,००० रुपये आहे. महिन्याचे २६ दिवस, दिवसाचे ८ तास, म्हणजे तासाला साधारण साडेशहाऐंशी रुपये. ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट, म्हणजे १७३ रुपये. कित्येक लहान शेडमध्ये तो सिंगल दरानेच दिला जातो. ते बेकायदा आहे आणि तसं करणाऱ्याने इन्सेंटिव्हच्या गोष्टी करण्याआधी ते बंद करावं. तर, महिन्याला २० तास ओव्हरटाइम झाला की ३,४६० रुपये होतात. हे पैसे ऑपरेटरच्या घरी आधीच खर्चाला लागलेले असतात: गाडीचा हप्ता, भिशी, मुलीची शिकवणी. आता ज्या मशीनवर पाळीत ९५ नग निघू शकतात, तिथे ७८ निघाले तर संध्याकाळी साहेब ‘आज दोन तास थांब रे’ म्हणणारच. ९५ निघाले तर कोणी थांबवणार नाही. मग तो ७८ काढतो. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे. मला तो हिशेबी वाटतो.

हा लेख वीस ते शंभर माणसांच्या कारखान्यांसाठी आहे: भोसरीतली मशिनिंगची युनिट, सातपूर-अंबडची प्रेस शॉप, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, वाळूजचे ऑटो पार्टवाले. मोठ्या कंपन्यांकडे इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचा वेगळा विभाग असतो आणि युनियनशी तीन-चार वर्षांचे करार असतात. लहान कारखान्यात मालक, एक सुपरवायझर आणि पगार काढणारी बाई एवढ्यांनाच योजना चालवायची असते. म्हणून ती इतकी सोपी हवी, की ऑपरेटरने पाळी संपवून हात धुताना आजचे किती झाले ते मनात मांडावं.

दर कसा काढायचा

वरचंच मशीन घेऊ. पाळी ४८० मिनिटांची. जेवणाची ३० आणि दोन चहांची मिळून २० मिनिटं वजा केली की ४३० उरतात. नग चढवणं-उतरवणं धरून सायकल टाइम ४ मिनिटं असेल तर कागदावर १०७ नग निघतात. इन्सर्ट बदलणं, माप तपासणं, चिप काढणं, थकवा यांना दहा-अकरा टक्के सोडले की ९५ उरतात. हा प्रमाण आकडा. तो स्टॉपवॉच घेऊन, दोन-तीन वेगवेगळ्या ऑपरेटरांवर, दिवसपाळी आणि रात्रपाळी दोन्हीकडे काढायचा. सर्वांत तरबेज माणसावर वेळ लावून तो आकडा सगळ्यांच्या माथी मारू नये.

यानंतर बहुतेक मालक म्हणतात, ‘९५ च्या पुढे जाईल त्याला पैसे.’ आज ७८ काढणाऱ्याला ९५ म्हणजे १७ नगांची चढण, आणि त्या चढणीवर एक रुपयाही नाही. तो पहिल्या आठवड्यात पाहतो, दुसऱ्या आठवड्यात विसरतो. गेल्या तीन महिन्यांची खरी सरासरी घ्या आणि तिच्या जरा वर, ८० पासून, मोजायला सुरुवात करा.

आता जास्तीच्या नगावर तुम्हाला काय सुटतं? मशीनचा तासाचा दर ४०० रुपये धरू. तासाला १५ नग, म्हणजे नगामागे जवळपास २७ रुपये. इन्सर्ट, वीज, कूलंट असा नगाबरोबर वाढणारा खर्च ९ रुपये काढला तर १८ उरतात. हाताशी ऑर्डर असेल तरच हे १८ खरे. मालक उदार होऊन त्यातला तिसरा हिस्सा, ६ रुपये, देतो. ऑपरेटरने रोज ९० काढले तर ८० च्या वरचे १०, गुणिले ६, गुणिले २५ पाळ्या: महिन्याला १,५०० रुपये. फलक लागतो, पेढे वाटले जातात, आणि उत्पादन काही हलत नाही.

हलणार कसं? रोज ९० निघाले की ओव्हरटाइमची गरजच संपते. आजच्या वेगाने वीस तासांच्या ओव्हरटाइममध्ये सुमारे २१८ नग निघतात. दिवसपाळीत रोज १२ वाढले तर महिन्यात ३०० वाढतात. म्हणजे ऑपरेटरने जोर लावून १,५०० मिळवायचे आणि ३,४६० घालवायचे. हा व्यवहार तुम्ही केला असता का?

म्हणून वाचणाऱ्या ओव्हरटाइमचा निम्मा भाग, १,७३० रुपये, इन्सेंटिव्हमध्ये घाला. १,५०० आणि १,७३० मिळून ३,२३०; २५० जास्तीच्या नगांवर वाटले की नगाला जवळपास १३ रुपये पडतात. आता दोन्ही बाजू तपासा. आधी तुम्हाला महिन्याला सुमारे २,१६८ नग मिळत होते आणि ओव्हरटाइमपोटी ३,४६० जात होते. आता २,२५० नग मिळतात आणि ३,२५० जातात. महिन्याला ८२ नग जास्त, वीस तासांची वीज आणि सुपरवायझरचं थांबणं वाचलं, शिवाय संध्याकाळी मशीन दुसऱ्या ऑर्डरला मोकळं. ऑपरेटरला दोनशे रुपये कमी मिळतात, पण तो दिवसाउजेडी घरी जातो. बहुतेक जण हा सौदा घेतात. ज्यांना दोनशेही सोडवत नाहीत ते ९० ऐवजी ९१ काढतात.

सहा आणि तेरा रुपयांमधला हा फरक ओव्हरटाइम पाहिल्याशिवाय दिसत नाही. आकडे तुमचे वेगळे असतील. रीत हीच ठेवा.

टूलरूममध्ये मात्र नग मोजून काही हाती लागत नाही. तिथे आज डाय, उद्या फिक्स्चर, परवा कुठल्यातरी मशीनचा तुटलेला शाफ्ट. अशा कामाला वाचवलेल्या वेळेचा हिशेब लागतो आणि त्याच्या दोन रीती सव्वाशे वर्षांपासून चालत आल्या आहेत. फ्रेडरिक हॅल्सी या अमेरिकी अभियंत्याने १८९१ मध्ये मांडलेली रीत अशी: दहा तासांचं काम आठ तासांत झालं तर आठ तासांचा पगार, आणि वाचलेल्या दोन तासांपैकी निम्म्याचा, म्हणजे एका तासाचा, जादा. ग्लासगोच्या रोवनची रीत थोडी वेगळी. वेळेच्या जेवढ्या हिश्शाची बचत, तेवढा हिस्सा प्रत्यक्ष लागलेल्या तासांवर जादा. इथे वेळ एक पंचमांश वाचला, म्हणून आठ तासांचा पाचवा भाग, म्हणजे १.६ तास. अंदाज बरोबर असेल तर रोवनमध्ये कामगाराला जास्त मिळतं. पण टूलरूममध्ये अंदाज हमखास चुकतो. दहा तास धरलेलं काम दोनच तासांत उरकलं तर हॅल्सीने चार तास जादा द्यावे लागतात, रोवनने तेच १.६. अंदाज बांधणारा माणूस अनुभवी असेल तर हॅल्सी घ्या, कारण ते समजावायला सोपं आहे. नवखा असेल तर रोवन.

वाढलेला आकडा आणि मालकाची नियत

योजना सुरू झाली, ऑपरेटर १०० वर पोहोचला, महिन्याला साडेसहा हजार जादा नेऊ लागला. इथे मालकाच्या पोटात दुखायला लागतं. ‘एवढं सोपं होतं तर आपण दर जास्तच ठेवला,’ असं वाटतं आणि पुढच्या महिन्यात ८० चे ८८ होतात. या एका फलकाने पुढची दहा वर्षं वाया जातात.

कारण कामगारांना हे आधीपासूनच ठाऊक असतं. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९३१-३२ मध्ये १४ कामगारांच्या एका गटाचं निरीक्षण झालं होतं. गटाच्या उत्पादनावर पैसे मिळत असूनही त्यांनी आपापसात दिवसाचं एक माप ठरवून घेतलं होतं आणि त्यापुढे जाणाऱ्याला ते दंडावर ठोसा मारून भानावर आणायचे. डोनाल्ड रॉय नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात शिकागोतल्याच एका मशीनशॉपमध्ये स्वतः ड्रिलवर काम केलं आणि १९५२ मध्ये त्यावर लिहिलं: सैल दराच्या कामावर सगळे एका अलिखित मर्यादेपर्यंत कमावतात आणि थांबतात, कारण त्यापलीकडे गेलं की टाइम स्टडीवाला घड्याळ घेऊन येईल. चाकणच्या ऑपरेटरला हे नव्याने शिकवावं लागत नाही. पहिल्या कारखान्यात त्याने ते पाहिलेलं असतं.

क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिक या वेल्डिंग मशीन बनवणाऱ्या कंपनीत नगावर मजुरी आणि १९३४ पासून वार्षिक बोनस आहे. तिथला नियम असा, की कामगार कितीही कमावो, तेवढ्या कारणाने दर कमी होणार नाही. काम करण्याची पद्धत किंवा यंत्र बदललं तरच वेळ पुन्हा लावायची. हा नियम तुमच्या फलकावर पहिल्या ओळीत लिहा आणि खाली सही करा. दर किमान एक वर्ष हलणार नाही. मशीन, प्रोग्रॅम, फिक्स्चर किंवा मटेरियल बदललं तरच नवी वेळ, आणि तीही ऑपरेटरच्या समोर लावलेली.

फिक्स्चर ऑपरेटरनेच सुचवलं असेल तर? एखादा पोरगा क्लॅम्पला साधा लिव्हर लावतो आणि नगामागे वीस सेकंद वाचवतो. दुसऱ्याच दिवशी तुम्ही प्रमाण वाढवलंत, तर तुमच्या कारखान्यातली ती शेवटची कल्पना. त्याला सहा महिने जुन्याच प्रमाणावर कमावू द्या. शेजारच्या मशीनवर तो लिव्हर लावून तिथला फायदा तुम्ही घ्या.

चांगला नग म्हणजे काय

सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायकांना हजारावर मजुरी मिळते आणि कारखान्यात तपासणीला ‘छाट’ निघते. किती छाट काढायची हे देणाऱ्याच्या हातात असलं की त्यावरून भांडणं पिढ्यान् पिढ्या चालतात. तुमच्या योजनेत रिजेक्शन कोण ठरवणार हा प्रश्न तोच आहे. गेज लावून ठरणारा दोष आणि इन्स्पेक्टरच्या डोळ्यांना वाटणारा दोष वेगळे ठेवा. डोळ्यांनी ठरवायच्या दोषांसाठी नमुने टांगून ठेवा: हा चालेल, हा चालणार नाही.

पैसे फक्त चांगल्या नगांवर. एक नाकारलेला नग मोजणीतून तीन चांगले नग वजा करील, असं ठरवता येतं. मटेरियल महाग असेल तर पाच. पण ही वजाबाकी इन्सेंटिव्हपुरतीच. ती शून्याला थांबते आणि पगाराला शिवत नाही. पगारातून कापाकापी करायला कायद्याने फार थोडी जागा ठेवली आहे आणि कामगार कापलेले पैसे कधी विसरत नाही.

फाउंड्रीत आणखी एक पेच. कास्टिंगचं पोट मशिनिंगला गेल्यावर उघडतं. ब्लोहोल निघतं तेव्हा मोल्ड भरून महिना झालेला असतो आणि तो कोणी भरला ते कोणालाच आठवत नाही. म्हणून ओतलेल्या धातूच्या टनांवर इन्सेंटिव्ह देऊ नका. तो देणाऱ्या फाउंड्रीत भट्टी जोरात चालते आणि परत आलेल्या कास्टिंगचा ढीग गेटापासून वाढत जातो. पाठवलेल्या मालातून ग्राहकाने परत केलेला वजा करून जे टन उरतात त्यावर, आणि मोल्डिंग, कोअर, मेल्टिंग, फेटलिंग मिळून एका गटाला द्या. वाळू तपासणाऱ्यालाही त्यात घ्या. रिजेक्शनची निम्मी मुळं त्याच्याकडेच सापडतात.

प्रेस शॉपबद्दल माझं मत कडक आहे. पॉवर प्रेसवर माणसागणिक नगांचा इन्सेंटिव्ह देऊ नये. दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने बांधलेलं, सेन्सर फिरवून ठेवलेला, हे दृश्य वेगाच्या लोभातूनच तयार होतं आणि त्यात बोटं जातात. तिथे टूल बदलायला लागणारा वेळ आणि दोषमुक्त माल यांवर गटाला द्या. आणि ‘अपघात शून्य, तर सगळ्यांना बक्षीस’ ही योजना चुकूनही लावू नका. ती लागली की अपघात थांबत नाहीत, ते लपवले जातात. पट्टी बांधून कामावर बसलेला हेल्पर डॉक्टरकडे जायला घाबरतो, कारण बक्षीस त्याच्यामुळे जाणार असतं. थोडक्यात हुकलेला अपघात कळवणाऱ्याला शाबासकी द्या.

एकट्याला की गटाला

एक माणूस, एक मशीन, एक मोजता येणारा नग असेल तर माणसागणिक द्या. बाकी सगळीकडे गट. इचलकरंजीच्या मागावर पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मीटरवर मजुरी चालते, कारण विणकराचं काम त्याच्याच मागांवर मोजता येतं. असेंब्ली लाइनवर सातवा माणूस सहाव्यापेक्षा जोरात चालून काय करणार?

गटात कोण, यावरच योजना टिकते किंवा मोडते. सेटर, मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन, स्टोअरचा माणूस, इन्स्पेक्टर, फोर्कलिफ्टवाला यांना बाहेर ठेवलं की ऑपरेटर सेटरची वाट पाहत उभा राहतो आणि सेटर सावकाश चहा पितो. त्यांना गटाच्या सरासरीवर हिस्सा द्या. इन्स्पेक्टरला मात्र नगांच्या संख्येवर नको, ग्राहकाकडून परत आलेल्या मालावर. नाहीतर तो डोळे मिटून सगळं पास करील.

आणि कंत्राटी मुलं. बऱ्याच शेडमध्ये निम्म्याहून जास्त हात त्यांचेच असतात आणि योजना ‘परमनंट’वाल्यांसाठी निघते. एकाच लाइनवर एकाला जादा आणि शेजारच्याला काही नाही, म्हटल्यावर शेजारचा का धावेल? ठेकेदाराच्या बिलात इन्सेंटिव्हची ओळ वेगळी दाखवा आणि ती रक्कम मुलाच्या खात्यात पोहोचली का, हे त्याच्या पावतीवरून दर महिन्याला तपासा. मध्येच ती गळाली तर शिव्या ठेकेदाराला बसत नाहीत.

लाइट गेली, मटेरियल आलं नाही, टूल रिशार्पनिंगला गेलंय: या वेळेचं काय? ऑपरेटरच्या हातात नसलेला वेळ मोजणीतून वगळा. पाळीत ६० मिनिटं बंद राहिली तर त्या दिवशी ८० ऐवजी ६९ पासून मोजा. यासाठी मशीनजवळ एक वही आणि पेन लागतं. बंद का पडलं, किती वाजता, सुपरवायझरची सही. दोन महिन्यांत त्या वहीतून तुमच्याच नियोजनाची अब्रू निघते. मालकांना ती वही आवडत नाही, असा माझा अनुभव आहे.

पण मोजणीचा खरा लाभ तिथेच आहे. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांत एक प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. काही कारखान्यांत सल्लागार पाठवून ३८ साध्या पद्धती बसवल्या: बंद पडण्याच्या नोंदी, दोषांच्या नोंदी, सुताच्या साठ्याचा हिशेब, जमिनीची स्वच्छता, आणि कामाशी जोडलेली बक्षिसंही. पहिल्या वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. बक्षीस हा त्या ३८ मधला एक छोटा भाग होता. नोंदी नसत्या तर ते कशावर द्यायचं हेच कळलं नसतं.

हजेरीचं

आपल्याकडे सर्वांत जास्त चालणारी योजना म्हणजे पूर्ण हजेरीचा भत्ता. महिनाभर एकही खाडा नाही तर हजार रुपये. तिचा दोष असा, की चार तारखेला एक खाडा झाला की उरलेले सव्वीस दिवस त्या माणसाला रोखणारं काही उरत नाही. भत्ता आठवड्यागणिक तोडा: दर पूर्ण आठवड्याला दोनशे, चारही पूर्ण झाले तर वर दोनशे. आणि गणपतीला कोकणात जाणारा, पेरणीला गावी जाणारा, छठपूजेला बिहारला जाणारा माणूस हजार रुपयांसाठी थांबणार नाही. त्या आठवड्यांची रजा महिनाभर आधी कळवणाऱ्याचा भत्ता कापू नका. तुम्हाला बदली माणूस शोधायला वेळ मिळतो, तेवढा पुरे.

कायद्याच्या बाजूने

महिन्याचा उत्पादन-इन्सेंटिव्ह आणि दिवाळीचा बोनस वेगळे ठेवा. बोनस १९६५ च्या कायद्याने सक्तीचा झाला, किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के. आता तो वेतन संहितेत आला आहे आणि ही टक्केवारी तीच आहे. वार्षिक बोनस उत्पादनाशी जोडायचा करार करता येतो, पण किमान बोनस धरून सगळं मिळून २० टक्क्यांच्या आत. ‘वर्षभर इन्सेंटिव्ह दिला, आता बोनस कसला’ हे वाक्य दिवाळीच्या तोंडावर बोलू नका. ते कायद्यातही बसत नाही आणि माणुसकीतही.

नगावर मजुरी देत असाल तरी किमान वेतनाच्या खाली कोणी जाता कामा नये. भविष्य निर्वाह निधीबाबत सर्वोच्च न्यायालयाचे जुने निकाल असे आहेत, की उत्पादनाबरोबर खरोखर वरखाली होणारा बोनस मूळ वेतनात धरायचा नाही. २०१९ च्या निकालाने हेही स्पष्ट केलं, की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता मात्र धरायचा. म्हणून दर महिन्याला सर्वांना सारखेच १,५०० देऊन त्याला ‘इन्सेंटिव्ह’ नाव देणाऱ्याला निरीक्षक विचारणारच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या आहेत आणि त्यांत वेतनाची व्याख्या बदलली आहे, तेव्हा तुमचे पगाराचे घटक एकदा सल्लागाराकडून नव्याने तपासून घ्या. मित्राच्या कारखान्यात काय चालतं ते विचारून भागणार नाही.

योजना सुरू करताना कागदावर ‘प्रायोगिक’ आणि शेवटची तारीख लिहा. वर्षानुवर्षं चाललेली सवलत अचानक बंद केली तर तो सेवाशर्तींतला बदल ठरतो आणि त्यासाठी नोटीस द्यावी लागते. युनियन असेल तर तिच्याशी लेखी करार करा. नसेल तर प्रत्येक लाइनवरचे दोन जाणते कामगार बसवून त्यांच्याकडूनच गणित मांडून घ्या. त्यांना ते इतरांना समजावता आलं नाही, तर योजना अवघड आहे.

पहिले दोन महिने नुसती मोजणी, पैसे नाहीत. मग एकच लाइन. रोजचा आकडा फळ्यावर, खडूने, पाळी संपल्यावर तासाभरात. संगणकावरचा अहवाल महिन्याअखेर आला तर त्याचा काही उपयोग नाही. आणि पैसे पगारात मिसळू नका. पगार सातला होत असेल तर इन्सेंटिव्ह पंधराला द्या, स्वतंत्र पावतीसह: चांगले नग इतके, वजा इतके, बंद वेळ इतका, दर इतका. पगारात मिसळलेले दोन हजार दिसत नाहीत, पंधरा तारखेचे दिसतात.

सुपरवायझरलाही काहीतरी लागेल. त्याच्या लाइनचं उत्पादन, रिजेक्शन आणि सोडून गेलेली माणसं, तिन्हींवर. फक्त उत्पादनावर दिलंत तर तो महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात लाइन पिळून काढील आणि पहिल्या आठवड्यात सगळे आजारी पडतील.

पैशाशिवायचं प्रोत्साहनही चालतं, पण पैशाच्या जागी चालत नाही. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ गुणवंत कामगारांना पुरस्कार देतं. तुमच्या चांगल्या माणसाचा अर्ज भरायला ऑफिसमधली एक व्यक्ती दोन दिवस लावा. पण ज्याचा ओव्हरटाइम थकलाय त्याला शाल-श्रीफळ देऊ नका.

काही कारखान्यांनी ही योजना सध्या सुरूच करू नये. ज्यांच्याकडे ऑर्डर अपुऱ्या आहेत, त्यांचे जास्तीचे नग फक्त गोदाम भरतील, आणि तीन महिन्यांनी दर बंद करावा लागेल. ज्यांचा पगार दर महिन्याला दहा-बारा तारखेपर्यंत लांबतो किंवा ज्यांचा भविष्य निर्वाह निधी थकलेला आहे, त्यांनी आधी तो भरावा. सात तारखेचा पगार वेळेवर न देणाऱ्याच्या पंधरा तारखेवर कोणी विश्वास ठेवत नाही.